पुराव्याचा फोटो, प्रश्नाचा फोटो

पोलादपूर तालुक्यातल्या कुठल्याही जिल्हा परिषद शाळेत जा. कापड्याची असो, उमरठच्या बाजूची असो, नाहीतर डोंगरातल्या एखाद्या वाडीवरची असो, एक उपकरण तिथे हमखास सापडतं. प्रयोगशाळा नसेल. ग्रंथालय म्हणजे कपाटाचा एक खण असेल. संगणक असलाच तर धूळ बसू नये म्हणून झाकून ठेवलेला असेल. पण गुरुजींच्या खिशात किंवा बाईंच्या पर्समध्ये मोबाईल असतोच, आणि मोबाईलला कॅमेरा असतोच. शाळेत कॅमेरा कधीचाच पोचला आहे. तो कोणत्या कामाला जुंपला आहे, एवढंच बघायचं.

तो जुंपला आहे पुराव्याच्या कामाला. झाड लावलं, फोटो पाठवा. खिचडी शिजली, फोटो पाठवा. प्रभातफेरी, हात धुण्याचा दिवस, वाचनाचा दिवस, योगाचा दिवस, पालकसभा. फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर पडला की कार्यक्रम पार पडला. या फोटोंतली मुलं ओळीत उभी असतात. हातात फलक, नजर समोर, खांदे ताठ. लावलेलं झाड जगलं का, हे दाखवणारा फोटो पुढच्या वर्षी कुणी मागत नाही. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं झाड लागतं आणि नवा फोटो निघतो.

असे फोटो काढावे लागतात, त्याला शिक्षकाचा इलाज नसतो. पण तोच मोबाईल आठवड्यातून तासभर मुलांच्या हातात गेला तर काय होईल? मुलं जे बघतात, ज्याबद्दल त्यांना काही विचारायचं असतं, त्याचा फोटो त्यांनीच काढला, आणि फोटोंची ओळ लावून त्यावर स्वतःच्या आवाजात गोष्ट सांगितली तर? पुराव्याचा फोटो म्हणतो, ‘हे झालं.’ प्रश्नाचा फोटो विचारतो, ‘हे असं का?’ पहिल्या फोटोबरोबर काम संपतं. दुसऱ्यापासून ते सुरू होतं. डिजिटल फोटो आणि गोष्ट यांचा शिक्षणातला सगळा उपयोग या फरकात आहे.

चित्र धरायचं, गोष्ट सांगायची

चित्रावरून गोष्ट सांगायची कला आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रांची पोथी असते. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो, साथीला वीणा, टाळ, हुडुक, आणि कथा पुढे सरकते. ही कला टिकवून धरल्याबद्दल पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथीकडून शिक्षकाने उचलण्यासारखी गोष्ट एकच. चित्र स्थिर असतं आणि आवाज चालत असतो. एकाच चित्रावर कथेकरी हवं तेवढा थांबतो, ऐकणाऱ्यांकडे बघतो, प्रश्न टाकतो, मग पुढचं चित्र काढतो. व्हिडिओत ही मुभा नाही. तिथे चित्रच पळत असतं आणि सांगणाऱ्याला त्याच्यामागे धावावं लागतं. म्हणूनच नवशिक्या मुलांनी आधी स्थिर फोटोंवर गोष्ट सांगावी आणि व्हिडिओचं नंतर बघावं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे मुलगे ‘शांबरिक खरोलिका’ घेऊन फिरले. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठी करायची आणि सोबत निवेदन करायचं. पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढायला भांडवल हवं होतं आणि विश्वास ठेवायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यासमोर कॅमेरा ठेवून दिवसादिवसाने थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली: बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढला. ही चित्रफीत ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाते. भारतीय सिनेमाच्या दारात उभी असलेली ही फिल्म खरं तर चौथीच्या परिसर अभ्यासाचा धडा आहे. आजच्या कोणत्याही मोबाईलवर, एका वाटीत चार वाल भिजत घालून, तो पुन्हा करता येतो. फक्त रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून फोटो काढायची शिस्त लागते, आणि मुलांना शिकवायची ती खरी गोष्ट.

रायगडातला लॅपटॉप

मुलाच्या हाती कॅमेरा देण्याचा प्रयोग पोलादपूरच्याच रायगड जिल्ह्यात होऊन गेला आहे. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या वाडीवजा गावात, एकशिक्षकी शाळेतल्या मुलांना ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक प्रकल्पाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप मिळाले. भारतातला या प्रकल्पाचा हा पहिला प्रयोग. निकोलस निग्रोपाँटे यांची ही कल्पना: लॅपटॉप शाळेचा नव्हे तर मुलाचा, तो घरी न्यायचा. त्याला एक साधा कॅमेरा होता, ६४० गुणिले ४८० बिंदूंचा, म्हणजे आजच्या स्वस्तातल्या मोबाईलपेक्षाही कितीतरी कमी. माईक होता. पडदा उन्हातही वाचता यायचा. मुलाने जे केलं त्याची नोंद ‘जर्नल’ नावाच्या जागेत आपोआप राहायची.

तो लॅपटॉप देशभर पसरला नाही. त्याआधीच, २००६ मध्ये, केंद्राच्या शिक्षण खात्याने हा प्रकल्प मोठ्या प्रमाणावर घ्यायला नकार दिला होता. यंत्रावर एवढा खर्च करण्यापेक्षा शाळा आणि शिक्षक यांची गरज आधी, असं त्यामागचं म्हणणं होतं. ते चूक नव्हतं. पण त्या यंत्रातली एक गोष्ट घेण्यासारखी होती: कॅमेरा आणि माईक मुलाच्या बाजूने लावलेले होते. आज यंत्राचा प्रश्न जवळपास मिटला आहे. बाजूचा प्रश्न तसाच आहे.

परदेशात याच बाजूवर काम करणारी दोन माणसं सांगण्यासारखी आहेत. वेंडी एवाल्ड ही छायाचित्रकार १९७५ मध्ये अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ॲपलाचियन डोंगरातल्या खाणकामगारांच्या वस्तीत शिकवायला गेली. तिने मुलांना साधे कॅमेरे दिले आणि विषय सांगितले: स्वतः, घरचे लोक, जनावरं आणि स्वप्नं. स्वप्नाचा फोटो काढायचा म्हणजे ते आधी रचावं लागतं, भावंडांना त्यात उभं करावं लागतं. म्हणजे गोष्ट आपोआप तयार होते. ती पुढे गुजरातेतल्या एका खेड्यातही मुलांबरोबर राहून हेच काम करून आली. दुसरा म्हणजे जो लॅम्बर्ट. १९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्याने आणि डॅना अॅचलीने साध्या माणसांच्या कार्यशाळा सुरू केल्या. माणूस स्वतःचे फोटो घेऊन यायचा, गोलात बसून आपली गोष्ट बाकीच्यांना सांगायचा, त्यांचे प्रश्न ऐकायचा आणि मग दोन-तीन मिनिटांची, स्वतःच्या आवाजातली गोष्ट तयार करून घरी जायचा. यातली सर्वांत महत्त्वाची पायरी संगणकावरची नव्हती. ती गोलात बसण्याची होती. ऐकणाऱ्याने ‘मग काय झालं?’ विचारलं की सांगणाऱ्याला कळतं, आपण काय सांगायचं विसरलो.

महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. २०२०चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी इतर अंतिम उमेदवारांत वाटली. कोड स्कॅन केला की बाहेरचं गाणं, धडा, चित्रफीत वर्गात येते. आता उलट दिशेची सोय हवी. कापड्याचं काही वर्गाबाहेर, तालुक्याबाहेर जाईल, अशी. ती सोय मुलांच्या फोटोगोष्टीतून होते.

कवडशापासून सेन्सरपर्यंत

कॅमेरा वापरायला देण्याआधी तो काय आहे हे दाखवावं. त्याला विकत काही लागत नाही. कौलारू घरात दुपारी सगळी दारं-खिडक्या लावली की एखाद्या कौलाच्या फटीतून कवडसा जमिनीवर पडतो. फट वाकडीतिकडी असते, तरी जमिनीवरचा ठिपका गोल असतो. का? कारण तो फटीचा आकार नाही. तो सूर्याचं चित्र आहे. खंडग्रास सूर्यग्रहण असताना हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. कॅमेऱ्याचा जन्म या अंधाऱ्या खोलीतच झाला.

पूर्वी त्या चित्राला धरून ठेवायला रसायन लावलेली फिल्म होती. आता सिलिकॉनचा चिमुकला तुकडा असतो, त्यावर लाखो खळगे. प्रकाश ज्या खळग्यात पडेल तिथे विजेचा भार साठतो. जास्त उजेड, जास्त भार. तो मोजून आकडा लिहिला की झाला एक बिंदू. खळग्यांना रंग कळत नाही, म्हणून त्यांच्यावर लाल, हिरव्या, निळ्या रंगांची बारीक जाळी असते आणि चारांतले दोन हिरवे असतात. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो फक्त १०० गुणिले १०० बिंदूंचा, आणि तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. आजचा १२ मेगापिक्सेलचा मोबाईल एका क्षणात त्याच्या बाराशे पट बिंदू टिपतो.

हे पाचवीच्या वर्गाला समजतं का? चौकटींच्या वहीवर १० गुणिले १०चा चौकोन आखायला सांगा आणि त्यात शेजारच्या मुलाचा चेहरा काढायचा, पण अट अशी की एक चौकट पूर्ण काळी किंवा पूर्ण पांढरी. चेहरा ओळखू येत नाही. मग २० गुणिले २०. थोडा थोडा येतो. मग मोबाईलच्या उजळ पडद्यावर बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि पांढऱ्या दिसणाऱ्या पडद्यात लाल, हिरवे, निळे ठिपके स्पष्ट दिसतात. पांढरा रंग तिथे नसतोच. मुलं हा थेंब घरी जाऊन टीव्हीवरही ठेवून बघतात. तेवढी सूचना पालकांना आधी द्यावी.

पाऊस मोजणारा फोटो

फोटोग्राफीची पुस्तकं उन्हाच्या देशात लिहिल्यासारखी असतात. इथल्या सावित्री नदीच्या खोऱ्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शाळा जूनच्या मध्यावर, ऐन पावसाच्या तोंडावर सुरू होते. इथले धडे पावसाचेच हवेत.

पहिला धडा धुक्याचा. समोरचा डोंगर पांढऱ्या ढगात बुडालेला आहे. फोटो काढला तर तो मळकट करडा येतो. मुलं म्हणतात, कॅमेरा खराब आहे. कॅमेरा खराब नसतो, तो हिशेबी असतो. समोरचं सगळं सरासरीने मध्यम उजेडाचं असेल, असं धरून तो चालतो. पांढरंशुभ्र दृश्य आलं की ते मध्यमावर ओढून करडं करतो. पडद्यावर बोट दाबून धरल्यावर येणारी उजेडाची पट्टी थोडी वर सरकवली की धुकं पुन्हा पांढरं होतं. काळ्या म्हशीचा फोटो काढताना याच्या नेमकं उलट करायचं.

दुसरा धडा गणिताचा. पावसाचा फोटो काढला की थेंब दिसत नाही, रेघ दिसते. मोठा थेंब सेकंदाला साधारण आठ मीटर वेगाने खाली येतो. कॅमेऱ्याचं झाकण सेकंदाच्या पन्नासाव्या भागापुरतं उघडं राहिलं, तर तेवढ्यात थेंब १६ सेंटिमीटर खाली आलेला असतो. फोटोतली रेघ तेवढी लांब. झाकण हजाराव्या भागापुरतंच उघडं ठेवलं तर थेंब जेमतेम ८ मिलिमीटर सरकतो आणि ठिपक्यासारखा दिसतो. मोबाईलच्या ‘प्रो’ सेटिंगमध्ये हा वेळ बदलता येतो. पागोळ्यांजवळ पट्टी उभी धरून फोटो काढला तर रेघ मोजताही येते. पागोळीचा थेंब मात्र नुकताच सुटलेला असतो, म्हणून त्याचा वेग कमी आणि रेघ आखूड. का, हे आठवी-नववीच्या मुलांनी शोधायचं. वेग, अंतर, वेळ यांचं समीकरण फळ्यावर लिहिलेलं असतं. इथे ते दारात पडत असतं.

इरल्याची गोष्ट

आता गोष्टीकडे येऊ. समजा, कापड्याच्या सातवीतल्या चार-पाच मुलांच्या गटाला विषय दिला: पावसात माणसं डोक्यावर काय घेतात? भातलावणीचे दिवस. खाचरात बायका ओणव्या, अंगावर प्लॅस्टिकचे कागद. एका मुलाच्या घरी माळ्यावर जुनं इरलं पडलेलं आहे. तो आजीला विचारतो.

“आजी, हे आता का घालत नाहीस?”

“करणार कोण? करणारा म्हातारा गेला, पोरं मुंबईला. प्लॅस्टिक दुकानात मिळतं.”

“मग प्लॅस्टिक बरं की हे बरं?”

“वाऱ्याला प्लॅस्टिक उडतं. आत घाम सुटतो. इरलं पाठीवर बसलं की बसलं. दोन्ही हात मोकळे राहतात बघ लावणीला.”

या चार वाक्यांत एका गोष्टीचा कणा आहे: वस्तू का तयार झाली, कशामुळे गेली, तिच्या जागी काय आलं आणि काय मिळालं, काय गमावलं. पाठ्यपुस्तकात ‘पारंपरिक साधने’ या मथळ्याखाली इरल्याचं नाव येऊन जाईल, पण ‘दोन्ही हात मोकळे राहतात’ हे तिथे नसेल.

मुलांनी फोटो किती काढायचे? सहा. त्याहून एकही जास्त नाही. ही मर्यादा मोबाईलच्या जागेसाठी घातलेली नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो काढत फिरणाऱ्यांना त्या वस्तू, नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूचा एखादा भाग जवळून टिपला, त्यांच्या आठवणीला धक्का लागला नाही. अर्थ साधा: शंभर फोटो काढले की बघायचं काम आपण कॅमेऱ्यावर सोपवून मोकळे होतो, सहाच काढायचे ठरलं की प्रत्येकाआधी विचार करावा लागतो.

तर मग सहा चौकटी कागदावर आखायच्या आणि आधी चित्रं काढायची, कॅमेरा नंतर. पहिली चौकट लांबून: खाचर, पाऊस, ओणव्या बायका. दुसरी मधल्या अंतरावरून: एकीच्या पाठीवरचं फडफडणारं प्लॅस्टिक. तिसरी माळ्यावरचं इरलं, धुळीसकट. चौथी अगदी जवळून: बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या आणि मध्ये दाबून बसवलेली रुंद पानं; कुठे पान किडलंय तेही दिसू द्या. पाचवी आजीचे हात. सहावी मुलांनी ठरवायची, आणि तिथेच खरी मारामारी होते. कुणी म्हणतो, आजीने इरलं घालून दाखवावं. कुणी म्हणतो, बांबूचं बेट दाखवू, कारण बांबू आहे पण विणणारा नाही. कुणी म्हणतो, दुकानात टांगलेली प्लॅस्टिकची गुंडाळी. तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्ही वेगळ्या गोष्टी सांगतात. गोष्टीचा शेवट म्हणजे सांगणाऱ्याचं मत, हे निबंधाच्या तासाला वर्षभर सांगून कळत नाही ते या भांडणात कळतं. बाईंनी निकाल देऊ नये. मुलांना कारणं द्यायला लावावं.

मग लिखाण. प्रत्येक फोटोखाली तीन ओळी: काय दिसतं, काय वाटतं, काय विचारायचं आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ या गटाने ही पद्धत जगभर रुजवली. आपल्या बहुवर्ग शाळांत ती चपखल बसते, कारण पहिलीतलं मूल पहिली ओळ सांगू शकतं आणि सातवीतलं तिसरी. ‘बाई गरीब आहे’ ही दिसणारी गोष्ट नव्हे, वाटणारी आहे. दिसतं ते फाटलेलं प्लॅस्टिक. हा फरक मुलाच्या अंगी मुरला तर पुढे त्याला व्हॉट्सॲपवरचं कुठलंही चित्र दाखवून फसवणं अवघड जाईल.

शेवटी आवाज. दोन मिनिटांच्या गोष्टीला दोन-सव्वादोनशे शब्द पुरतात. पत्र्याच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंग होत नाही. अंगावर गोधडी घेऊन मोबाईल तोंडाशी धरला की बाहेरचा आवाज बराच दबतो. मुलाने घरी बोलतो तसंच बोलावं. आजीची वाक्यं आजीच्याच बोलीत, शक्य तर आजीच्याच आवाजात ठेवावीत. प्रमाण भाषेत लिहायला शिकणं हे शाळेचं काम आहेच. पण आजीचं वाक्य ‘शुद्ध’ करून घेणं हे त्यात येत नाही.

डोंगर तोच, तारीख वेगळी

२२ जुलै २०२१ हा दिवस महाड-पोलादपुरात कुणाला सांगावा लागत नाही. त्या दिवशी आणि रात्री महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर डोंगर आला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत दरडींनी माणसं गेली. २००५च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं.

अशा भागात कॅमेऱ्याचा एक उपयोग वर्षानुवर्षं चालू ठेवण्यासारखा आहे. शास्त्रज्ञ एकाच जागेवरून, एकाच चौकटीत, ठरावीक काळाने फोटो घेत राहतात. आल्प्समधल्या हिमनद्या किती मागे हटल्या हे एकोणिसाव्या शतकापासूनच्या अशा फोटोंवरूनही कळलं. शाळेने आवारातल्या एका खांबावर रंगाने खूण करावी, मोबाईल टेकवायची उंची ठरवावी, आणि समोरच्या डोंगराचा, ओढ्याचा, रस्त्याच्या कडेचा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोटो घ्यावा. फाईलला नाव तारखेने द्यावं, म्हणजे ओळ आपोआप लागते. दोन ठिकाणी जपावं: एक मोबाईल, एक पेनड्राइव्ह.

वर्षभरात काय दिसतं? एप्रिल-मेमध्ये राब भाजल्याचे काळे चौकोन. जूनमध्ये त्याच चौकोनांत तरव्याचा पोपटी रंग. जुलैत खाचरांत पाणी, डोंगरावर नाचणी-वरीचे पट्टे. ऑक्टोबरात सोनेरी, जानेवारीत उघडा. हा सगळा शेतीचा धडा झाला. पण दोन-तीन वर्षांचे फोटो शेजारी ठेवले की आणखी काही दिसू लागतं: एखादी झाडी गेली, नवा रस्ता डोंगर कापून वर चढला, विजेचा खांब कलला, उतारावर पूर्वी नव्हती ती भेग आली, ओढ्याने काठ खाल्ला. भेगा, कललेली झाडं आणि खांब, अचानक फुटलेले किंवा गढूळ झालेले झरे, ही घसरणाऱ्या उताराची जाणकारांनी सांगितलेली लक्षणं आहेत. मुलांनी दरडीचं भाकीत करावं, असं कुणी म्हणत नाही, आणि उताराजवळ जाऊन तर फोटो काढूच नयेत. पण तीन वर्षांपूर्वी ती भेग तिथे नव्हती, हे दाखवणारा फोटो ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवता येतो. पुरावाच आहे तो. मुलांच्या प्रश्नातून निघालेला, एवढाच त्याचा वेगळेपणा.

कुणाचा चेहरा, कुणाची परवानगी

दरडीत घर गेलेल्या माणसाकडे मुलं मोबाईल घेऊन गेली, तर ती गोष्ट शिक्षण राहत नाही. आधी कागदावरची चौकट, मग कॅमेरा असा क्रम असतो तसाच आधी परवानगी, मग फोटो असा क्रम हवा, आणि परवानगी म्हणजे ‘काढू का?’ एवढंच नव्हे. फोटो कुठे लागणार, कोण बघणार, नको वाटला तर काढून टाकता येईल का, हे सांगून विचारायचं. ‘नको’ म्हटलं की विषय संपला.

मुलांच्या फोटोंबाबत कायदाही कडक आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची वैयक्तिक माहिती वापरायची तर पालकांची, पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. मोबाईलच्या फोटोत ठिकाणाची नोंद लपलेली असू शकते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ती बंद करावी. मुलींचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. चेहरा न दाखवताही गोष्ट सांगता येते, इरल्याच्या सहा चौकटींत एकही चेहरा लागत नाही. हात, पाठ, पाऊल, सावली, वस्तू. या मर्यादेत काम करताना मुलं उलट जास्त नीट बघतात.

गावापुढे परीक्षा

एवढं करून झाल्यावर ही गोष्ट दाखवायची कुणाला? लिंक करून गटावर टाकली की चार अंगठे येतात आणि ती पुराव्यांच्या ढिगात जाते. पोलादपुरातली बरीच माणसं मुंबईत असतात आणि गणपतीला, शिमग्याला गावी येतात. शिमग्याची पालखी घरोघर जायच्या आदल्या संध्याकाळी, देवळाच्या सभामंडपात पांढरी चादर बांधून, शाळेचा प्रोजेक्टर लावून अर्धा तास मुलांच्या गोष्टी दाखवाव्यात. रेंज नसली तरी चालते, कारण सगळं पेनड्राइव्हवर असतं.

तिथे बसलेली माणसं या विषयातली सर्वांत कडक परीक्षक असतात. कुणी म्हातारा उठून म्हणेल, ती पानं ह्या झाडाची नव्हेत, आमच्या वाडीत दुसरी वापरत. कुणी चाकरमानी सांगेल की इरलं विणणारं एक घर अजून आहे, घाटाच्या वरच्या अंगाला. कुणी म्हणेल, हे काय दाखवता, माझ्या बापाने २००५च्या पुरात काय केलं ते विचारा की. मुलांनी वही घेऊन पुढे बसावं आणि हे सगळं टिपून घ्यावं. पुराव्याच्या फोटोत कुणी चूक काढत नाही, कारण तो कुणी बघतच नाही. मुलांच्या गोष्टीत गाव चूक काढतं, आणि शाळेने ती पुढच्या सोमवारी वर्गात दुरुस्त करायला घ्यावी: कुणाकडे जाऊन काय विचारायचं, कोणता फोटो बदलायचा, निवेदनातलं कोणतं वाक्य खोडायचं. त्या दुरुस्तीला गुण द्यावेत, पहिल्या गोष्टीला नव्हे.